थंड डोक्याची किंमत

मित्र बदलता येतात, शेजारी बदलता येत नाहीत, असे अटलबिहारी वाजपेयी सांगत असत. आपल्याला ते वाक्य पाकिस्तानच्या संदर्भात आठवते. परंतु बलाढ्य शेजारी हाच आपला सर्वांत मोठा ग्राहक असेल, तर काय होते? त्याचे उत्तर मेक्सिकोकडे पाहिल्यावर मिळते.

मेक्सिकोच्या निर्यातीतील ८० टक्क्यांहून अधिक माल एकट्या अमेरिकेत जातो. या देशाच्या परराष्ट्रधोरणाची सारी कोंडी मला या एका आकड्यात दिसते. इतिहासाची जखम तर जुनीच आहे. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहानंतर, टेक्सास धरून, मेक्सिकोने आपला निम्म्याहून अधिक भूभाग गमावलेला होता. १९३८ मध्ये लाझारो कार्देनास यांनी परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले, त्याचा अभिमान तेथे आजही टिकून आहे. स्वाभिमान प्रखर आणि परावलंबन त्याहून खोल, अशा देशाचा कारभार चालवणे सोपे नाही.

राष्ट्राध्यक्ष क्लॉडिया शेनबॉम यांनी त्यासाठी ‘थंड डोक्या’चा मार्ग निवडला. डोनाल्ड ट्रम्प यांनी मेक्सिकोच्या आखाताला अमेरिकेचे नाव देण्याची घोषणा केली, तेव्हा शेनबॉम यांनी १६०७ चा नकाशा दाखवून उत्तर अमेरिकेलाच ‘मेक्सिकन अमेरिका’ म्हणू या, असे हसत सुचवले. जगाने टाळ्या वाजवल्या. मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये २५ टक्के आयातशुल्काची टांगती तलवार महिनाभर दूर झाली, ती या विनोदामुळे नव्हे. सीमेवर नॅशनल गार्डचे १० हजार जवान धाडण्याचे मान्य केल्यामुळे. त्याच महिन्याच्या अखेरीस मेक्सिकोने अमली पदार्थांच्या टोळ्यांतील २९ आरोपी अमेरिकेच्या हवाली केले. २०१९ मध्येही शुल्काच्या धमकीनंतर असेच घडले होते. प्रत्येक सवलतीची किंमत चुकवावी लागली आणि प्रत्येक सवलत तात्पुरतीच ठरली.

अमेरिकेची तक्रार निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. फेंटानिलने तेथे हजारो घरे उद्ध्वस्त केली आहेत. पण विष उत्तरेकडे जाते, तशा बंदुका दक्षिणेकडे येतात. अमेरिकी शस्त्रनिर्मात्यांविरुद्ध मेक्सिकोने २०२१ मध्ये लावलेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये एकमताने फेटाळला. एका शेजाऱ्याच्या तक्रारीवर आयातशुल्काचा बडगा उगारला जातो, दुसऱ्याच्या तक्रारीला न्यायालयाचे दारही बंद होते. समान भागीदारीच्या गप्पांतील पोकळपणा येथे उघडा पडतो.

हे भांडण दूरचे आहे, असे समजण्याची चूक आपण करू नये. डिसेंबर २०२५ मध्ये मेक्सिकोच्या सिनेटने मुक्त व्यापार करार नसलेल्या देशांच्या शेकडो वस्तूंवर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्यास मान्यता दिली. त्यात चीनबरोबर भारतही आहे. देशी उद्योगांचे रक्षण हे त्याचे अधिकृत कारण. परंतु अमेरिका व कॅनडाबरोबरच्या त्रिपक्षीय कराराचा फेरआढावा जुलै २०२६ मध्ये ठरलेला असताना वॉशिंग्टनला खूश ठेवण्याचा हेतू त्यामागे नव्हता, हे मला पटत नाही. बलाढ्याने दुबळ्यावर आणलेले दडपण असे तिसऱ्याच्या दारात येऊन पोहोचते. झळ बसते ती आपल्या मोटार उद्योगाला आणि त्याच्या सुट्या भागांवर पोट असलेल्या कामगारांना.

तरीही मेक्सिकोला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या मालावर ५० टक्के अमेरिकी शुल्क लागले, तेव्हा आपणही संयमाचीच भाषा बोललो. फरक इतकाच, की आपली सारी दुकानदारी एका गिऱ्हाइकावर अवलंबून नव्हती. म्हणून आपल्याला थांबता आले. मेक्सिकोला दर वेळी काही तरी हातावर ठेवावे लागले.

थंड डोके हा राजनयातील मोठा गुण आहे. पण त्याच्या जोरावर केवळ वेळ मिळतो. मिळालेल्या वेळात नव्या बाजारपेठा शोधल्या नाहीत, तर पुढची धमकी आली की पुन्हा तोच हिशेब मांडावा लागतो. मेक्सिकोला शेजार बदलता येणार नाही. गिऱ्हाइके मात्र वाढवता येतील. त्या यादीत भारताचे नाव असावे, यासाठी मेक्सिकोशी व्यापार कराराची बोलणी नेटाने पुढे नेणे हे रागावून प्रतिशुल्क लावण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे ठरेल.