टोपली हवी, बुरूड नको!

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात रेक्सबर्ग या गावाजवळ सप्टेंबर महिन्यात एक आगळा मेळावा भरत आला आहे. ‘रॅबिटस्टिक’ हे त्याचे नाव. सशाच्या शिकारीसाठी तेथील मूळ निवासी जी लाकडी फेककाठी वापरीत, तिच्यावरून ते पडले. माणसे आठवडाभर तंबूत राहतात. लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडणे, गारेचे पाते घडविणे, हरणाचे कातडे कमावणे, सालीचे दोर वळणे, टोपल्या विणणे असे पाठ तेथे उघड्या आभाळाखाली चालतात. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ही विद्या शिकविणारे लॅरी डीन ओल्सेन यांचे या विषयावरचे पुस्तक १९६७ साली निघाले आणि पुढे त्यांच्याच प्रेरणेने हा मेळावा सुरू झाला. आता अमेरिकेत असे मेळावे ठिकठिकाणी भरतात.

यंत्रांनी हात निकामी केलेल्या समाजाला आपल्या हातांची आठवण व्हावी, यात वाईट काहीच नाही. ज्याने एकदा तळहाताला फोड येईपर्यंत काठी घुसळून ठिणगी पाडली आहे, तो काडेपेटीकडे पुन्हा तुच्छतेने पाहणार नाही. परंतु कौतुक करून झाल्यावर एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्यांच्या घरी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, ती माणसे कोठे गेली?

या प्रश्नाचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या इतिहासात आहे. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोविल या गावाबाहेर एक थकला-भागलेला, भुकेलेला माणूस सापडला. गोऱ्या वसाहतकारांनी एकोणिसाव्या शतकात ज्या याही जमातीची कत्तल केली, तिच्यातला तो उरलेला अखेरचा माणूस. त्याचे खरे नाव कोणालाच कळले नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. याही भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’ एवढाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो राहू लागला. तेथे झाडलोटीचे काम करी आणि रविवारी प्रेक्षकांसमोर बाणांची पाती घडवून, लाकूड घुसळून अग्नी पाडून दाखवी. सॅक्स्टन पोप हे डॉक्टर त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. पुढे त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले आणि धनुष्याने शिकार करणारे अमेरिकेतील हौशी लोक त्यांना गुरुस्थानी मानू लागले. आणि गुरूंचा गुरू? तो मार्च १९१६ मध्ये क्षयाने गेला. त्याचा मेंदू काढून वॉशिंग्टनला पाठविण्यात आला. तो परत मिळण्यास २००० साल उजाडावे लागले.

आधी कारागिराला संपवायचे, मग त्याच्या कारागिरीचे प्रदर्शन मांडायचे आणि शेवटी तिला छंदवर्गाच्या वेळापत्रकात बसवायचे, असा हा क्रम आहे. मेळाव्यात हौसेने येणारे आजचे अमेरिकन त्या कत्तलीचे अपराधी नाहीत, हे खरे. पण विद्या उचलताना विद्यावंताची आठवण ठेवणे हे ऋण त्यांच्यावर आहेच.

त्याच कॅलिफोर्नियात दुसऱ्या प्रकारचेही मेळावे भरतात. टोपल्या विणणाऱ्या मूळ निवासी स्त्रियांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी आपली संघटना बांधली आणि त्या एकत्र जमू लागल्या. त्यांच्या मेळाव्यात विणकाम असतेच, पण चर्चा असते ती जंगलाची. टोपलीला सरळ, लवचीक फोक लागतात. ते यावेत म्हणून त्यांचे पूर्वज झुडपांना ठरावीक काळाने आग लावून नवी फूट आणीत. १८५० च्या कायद्याने रान पेटविणे दंडनीय ठरविले. पुढे वनखात्याने झुडपांवर विषारी औषधे फवारली. विणताना काडी दातांत धरण्याची रीत असल्यामुळे ते विष थेट विणकरणीच्या तोंडात जाई. म्हणून या स्त्रिया मागतात ते असे : आम्हाला आमच्या रानात जाऊ द्या, फवारणी थांबवा, आमची आग आम्हाला परत द्या. हौशी माणूस टोपलीची वीण विचारतो. कारागीर काडीचा हक्क विचारतो. हस्तकलेचे भवितव्य या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आता थोडे ‘आदिम’ या शब्दाविषयी. पाश्चात्त्य विद्वान या कौशल्यांना ‘प्रिमिटिव्ह’ म्हणतात आणि आपल्याकडील शिबिरवालेही तोच शब्द भाषांतर करून मिरवितात. लाकूड घुसळून अग्नी पाडणे हे मागासपणाचे लक्षण असेल, तर अग्निहोत्र्याच्या घरी जपलेल्या अरणीला काय म्हणावे? शमीच्या झाडावर उगवलेल्या अश्वत्थाची अरणी, दोरीने घुसळला जाणारा मंथा आणि त्यातून प्रकटणारा अग्नी. रॅबिटस्टिकमध्ये जे तत्त्व शिकविले जाते तेच हे. येथे हजारो वर्षे मानवाच्या पहिल्या शोधाला देवघरात स्थान मिळाले. ज्या समाजाने आपले सर्वांत जुने तंत्र पवित्र मानून जपले, त्याने ते ‘आदिम’ म्हणून हिणवावे, ही बौद्धिक गुलामी होय.

मात्र स्वतःची पाठ थोपटून येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. अरणीला आपण देवघरात ठेवले. सूप विणणाऱ्या बुरुडाला कोठे ठेवले? लग्नात वधूमायेच्या हाती सूप लागते, बाळाच्या पाचवीला सूप लागते, गौरीच्या सणाला सूप लागते. सूप मंगल, पण ते घडविणारे हात गावाच्या कडेला! लेखणी उच्च आणि कोयता नीच, ही उतरंड कोणा इंग्रजाने येऊन रचलेली नाही. ती आपणच रचली आणि धर्माच्या नावाने टिकविली. इंग्रजांनी तिच्यावर आपला कायदा लादून घाव पुरा केला. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला ‘वृक्ष’ ठरविले. वनस्पतिशास्त्रानुसार जे गवत आहे, ते तोडणारा बुरूड आणि वनवासी चोर ठरला. स्वातंत्र्यानंतरही कागद कारखान्यांना जंगलातील बांबू कराराने मिळत राहिला आणि टोपलीवाल्याच्या वाट्याला वनरक्षकाची दटावणी आली.

ही चूक दुरुस्त व्हायला किती वर्षे लागावीत? २००६ च्या वनाधिकार कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने चिकाटीने भांडून आपला हक्क मिळविला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. २०१७ मध्ये वन कायद्यातील ‘वृक्षा’च्या व्याख्येतून बांबू अखेर वगळला गेला. मेळघाटातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे या दांपत्याने बांबू केंद्र उभारून कोरकू तरुणांच्या हातांना काम दिले. कारागिराला संग्रहालयात नव्हे, बाजारात उभे करणे म्हणजे काय, याचा तो वस्तुपाठ आहे.

या पार्श्वभूमीवर आपल्या शहरांतील उन्हाळी शिबिरांकडे पाहिले पाहिजे. मे महिन्यात पुण्या-मुंबईची मुले चार दिवस रानात जातात, चुलीवर भात शिजवतात, मातीचा दिवा घडवितात, चेहरे रंगवून ‘आदिवासी, आदिवासी’ खेळतात आणि छायाचित्रे घेऊन घरी परततात. त्याच वेळी शिबिराच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावरील पाड्यात ज्याला पन्नास झाडांचे गुण ठाऊक आहेत, तो म्हातारा खाटेवर बसलेला असतो. त्याला कोणी बोलावीत नाही. बोलावलेच तर नाच करायला, शिकवायला नाही.

‘यंत्रयुगात बुरुडाचा धंदा टिकणार कसा?’ असे कोणी म्हणेल. ज्या समाजाला प्लास्टिकच्या टोपल्यांचा उकिरडा आवरता येत नाही, त्याने हा प्रश्न जपून विचारावा. कारागिराच्या मुलाने तोच धंदा केला पाहिजे असेही कोणी म्हणत नाही. त्याने अवश्य अभियंता व्हावे. पण ब्राह्मणाच्या मुलालाही सुतारकी शिकण्यात कमीपणा वाटू नये, तेव्हाच ती कला जातीच्या बेडीतून सुटून राष्ट्राची होईल.

साधने आज उपलब्ध आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्या हाताखाली शिकण्याची तरतूद केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत टोपल्या व चटया विणणारेही आहेत. धोरण कागदावर राहील की ओटीवर उतरेल, हे मंत्रालयात ठरणार नाही. ते पालक सभेत ठरेल.

प्रत्येक शाळेने, प्रत्येक शिबिराने तीन गोष्टी कराव्यात. शिकविण्यास कारागीरच बोलवावा आणि त्याला ‘गुरुजी’ म्हणावे. इंग्रजी संभाषणाच्या शिक्षकाला जे मानधन, तेच त्यालाही द्यावे. आणि मुलांना त्याच्या घरी नेऊन दाखवावे की बांबू कोठून येतो, कितीला येतो आणि सूप कितीला जाते. हा हिशेब ज्या मुलाला कळला, त्याचे शिबिर सफल झाले. बाकीच्यांची सहल झाली.

घरात येणारे पुढचे सूप बुरुडाच्या दारात जाऊन, घासाघीस न करता विकत घ्यावे. संस्कृतिरक्षणाची भाषणे ऐकण्यापूर्वी करावयाचे हे पहिले काम आहे.