भावंडांचा धंदा

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, अशी आपल्याकडे म्हण आहे. आणि भावंडांनीं एकत्र धंदा करण्याची गोष्ट निघाली कीं वडील माणसें हीच म्हण पुढें करितात. म्हण खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तलवार हें तोडण्याचें हत्यार आहे. जोडण्याच्या हत्यारांनाही तोच नियम लागू पडतो काय, हें पाहावयाचें असल्यास जुनें फर्निचर दुरुस्त करणाऱ्या कुटुंबाकडे पाहावें.

वरवर पाहणाऱ्यास खुर्ची दुरुस्त करणें हें एकच काम वाटतें; वास्तविक तीं चार कामें आहेत. प्रथम ढिला झालेला सांधा उकलावा लागतो. जुने सांधे जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेल्या सरसानें जोडलेले असतात. हा सरस ऊब व ओल लागतांच मऊ होतो, म्हणून लांकूड न फोडतां सांधा सुटतो. मग कुजलेला भाग तेवढा कापून त्याच जातीचें, त्याच रेषेचें लांकूड बसवावयाचें. नंतर भिजविलेल्या वेतानें बैठक विणावयाची. आणि शेवटीं स्पिरिटांत विरघळविलेली लाख कापडाच्या बोळ्यानें, पातळ थरांवर थर देत, चढवावयाची. एकास नजर लागते, एकास मनगट, एकास बोटांची चपळाई, तर एकास धीर. हे चारही गुण एका माणसाच्या ठायीं क्वचित् असतात. एका घरांतल्या भावंडांत ते पुष्कळदां वांटलेले आढळतात. म्हणून असा धंदा भावंडांनीं मिळून करावा, असें आमचें मत आहे.

फर्निचरच्याच धंद्यांतील एक मोठें उदाहरण युरोपांत घडलें. मिखाएल थोनेट हा १७९६ सालीं ऱ्हाईन नदीकांठच्या बोपार्ड गांवीं जन्मलेला कारागीर. लांकूड वांकविण्याचें कसब त्यानें वाढविलें व १८४२ सालीं तो व्हिएन्नास गेला. मुलगे त्याच्याबरोबर काम करीत. १८५३ सालीं त्यानें कारखाना आपल्या पांच मुलांच्या नांवें करून दिला, आणि पेढीस ‘थोनेट बंधु’ हें नांव मिळालें. १८५९ सालची त्यांची १४ क्रमांकाची खुर्ची सहा लांकडी भाग, दहा स्क्रू व दोन नट एवढ्यांत उभी राही. सुटे केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर पेटींत मावत. तिच्याच धर्तीच्या, वांकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या मुंबईच्या इराणी हॉटेलांत पुष्कळ वाचकांनीं पाहिल्या असतील. थोनेट १८७१ सालीं वारला; म्हणजे पेढी मुलांच्या हवालीं केल्यावर तो अठरा वर्षें हयात होता. पालकांनीं लक्षांत घ्यावयाचें तें हेंच. बापाच्या पश्चात् जी वांटणी होते तिच्यांत भांडणास वाव राहतो. बापाच्या देखत जी जबाबदारी मिळते तिच्यांत शिक्षण असतें.

तथापि त्या पेढीच्या नांवांत ‘बंधु’ हा शब्द आहे, ‘भगिनी’ नाहीं. ही उणीव आपल्या घरांतूनही आहे. ख्रिस्ती घरांत १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानें, व हिंदु एकत्र कुटुंबांत २००५ च्या दुरुस्तीनें, मुलीस मुलाइतका वांटा मिळतो. परंतु कायदा दुकानाच्या भिंतींत वांटा देतो. सरस किती पातळ करावा, हें तो शिकवीत नाहीं. तें बापानेंच शिकविलें पाहिजे. “मुलगी परक्या घरीं जाणार, मग शिकवून काय उपयोग?” असें कोणी विचारील. मुलगाही नोकरीसाठीं परगांवीं जातोच कीं! आणि ज्या घरांत एकालाच कसब येतें, तेथें त्याची दृष्टि मंदावली कीं धंदाही मंदावतो.

भावंडांत बेबनाव होतो तो बहुधा दोन कारणांनीं. हिशेब तोंडीं राहतो, हें एक. आणि न दिसणाऱ्या कामाची कदर होत नाहीं, हें दुसरें. गिऱ्हाईक झळाळी पाहून वाखाणणी करितें, आंतला सांधा कोणी पाहत नाहीं. पण सांधा कच्चा असेल तर त्या झळाळीचा काय उपयोग? म्हणून हिशेब लिहावा, प्रत्येकानें दुसऱ्याचें काम थोडें तरी करून पाहावें, आणि बिलावर सर्वांचें नांव असावें. एवढें करूनही वाद उद्भवलाच, तर आपल्या धंद्याचाच नियम आठवावा: कुजलें असेल तेवढेंच कापावें, चांगलें लांकूड काढून टाकूं नये.

प्रत्येक मुलानें वडिलांचाच धंदा करावा, असा आमचा आग्रह नाहीं. कोणी डॉक्टर होईल, कोणी शिक्षक. तें योग्यच आहे. परंतु बापाच्या कपड्यांवरील भुसा पाहून ज्यांस लाज वाटते, त्यांनीं एकदां सुटींत त्याच्या शेजारीं बसून, आणि बहिणीसही बसवून, एक मोडकी खुर्ची दुरुस्त करावी. मग खुशाल दुसरा धंदा निवडावा. न शिकतां सोडणें म्हणजे निवड नव्हे. तें केवळ अज्ञान होय.