‘ग्वेर्झ’ला मराठीत काय म्हणावे?

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथली ब्रेतॉन ही फ्रेंचची बोली नव्हे. ती वेल्श भाषेची बहीण. या भाषेत दीर्घ कथागीताला ‘ग्वेर्झ’ म्हणतात. बुडालेले गलबत, गावातला खून, अकाली आलेले मरण हे त्याचे विषय. बहुधा वाद्याच्या साथीशिवाय, गावांची व माणसांची नावे घेत ते गायले जाते. त्याला ‘शोकगीत’ म्हणून मोकळे होण्याची सोय आहे, पण मला ती मान्य नाही.

शब्दाचे कूळ पाहा. लॅटिन ‘वेर्सुस’ म्हणजे वळण घेत नांगराने पाडलेले तास. पुढे लिखाणाची ओळ, मग कवितेची ओळ. तोच शब्द इंग्रजीत ‘व्हर्स’ झाला आणि वेल्शमध्ये ‘ग्वेर्स’. या ‘ग्वेर्स’चा आजचा अर्थ आहे धडा! (आपल्याकडे शेतातलेही तास आणि वर्गातलाही तास, हा मात्र निव्वळ योगायोग.) ज्या लॅटिन धातूपासून हे सारे आले, त्याचा संस्कृतातला भाऊबंद म्हणजे ‘वृत्’. त्यापासून आपले ‘वृत्त’. भुजंगप्रयात हेही वृत्त आणि वर्तमानपत्रातली बातमी हेही वृत्त.

ग्वेर्झमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत घडलेली हकिकत छंदातूनच पोहोचे. मार्खारिद फ्युल्युप (1837–1909) ही निरक्षर बाई भिक्षा मागून आणि इतरांच्या वतीने तीर्थयात्रा करून पोट भरी. ल्युझेल या संग्राहकाने 1868 आणि 1874 साली ग्वेर्झांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्याला गाणी पुरवणाऱ्यांत ही बाई अग्रभागी होती. पोवाडा ऐकलेल्या माणसाला याहून अधिक सांगायला नको.

याच भाषेत बोलल्याबद्दल शाळांतून मुलांना शिक्षा होत असे. ब्रेतॉन माध्यमाची ‘दिवान’ शाळा निघाली ती 1977 साली. युनेस्कोने या भाषेची गणना गंभीर धोक्यातल्या भाषांत केली आहे. भाषा गेली की गाणी ध्वनिफितीवर उरतील. पण छंद आणि बातमी एकाच शब्दात नांदवणारा समाज उरणार नाही.

म्हणून मी ग्वेर्झला ‘वृत्तगीत’ म्हणेन. व्युत्पत्तीचा अभ्यास कोरडा आहे, असे म्हणणाऱ्या मित्रांनी याहून चांगला प्रतिशब्द अवश्य सुचवावा.