मगरिब ते इशा, फोन फ्रिजवर

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा वाजतो, तेव्हा चालू. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने ऑगस्ट 2022 मध्ये हे सुरू झालं. कोरोनात शाळा मोबाइलवर भरली, नंतर वर्ग उघडले तरी मुलांच्या हातून तो सुटेना. आधी लोकांनी हसण्यावारी नेलं. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले.

यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे भोंगा मुलांसाठी नाही, घरासाठी वाजतो. आईची मालिका बंद, आजोबांचं व्हॉट्सॲपही बंद.

पालकसभेत अम्मी सांगतात, "टीचर, तुम्हीच समजवा, अब्बांचंही ऐकत नाही." अब्बा घरी आल्यावर काय करतात, असं विचारलं की हसतात. उत्तर त्या हसण्यातच असतं.

प्रत्येक मोबाइलवेड्या मुलाला 'व्यसनी' म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं आहे, पण खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, इतकं असेल तर. तसं असेल तर डॉक्टरांकडे जा, मारून काही होणार नाही. बहुतेक मुलांना मात्र दुसरं करायला काही नसतं.

वडगावात सात वाजता माणसं घरी असतात. आपल्याकडे? अब्बा बदलापूर लोकलच्या दारात. उल्हासनगरात अम्मीपुढे जीन्सचा ढीग, धागे कापायचे, पैसे नगावर. खोली एक, बाहेर रिक्षा आणि गटार. लेकरू गप्प बसावं म्हणून ती मोबाइल देते. तिला नावं ठेवण्याआधी तो ढीग बघावा.

तरीही आपल्याला भोंगा नव्याने बसवावा लागणार नाही. मगरिबची अजान रोज होते आणि तिथून इशापर्यंत साधारण सव्वा तास असतो. तेवढा वेळ घरातले सगळे फोन फ्रिजवर. थंडीत मगरिब सहाच्या सुमारास होते, अब्बा तोवर पोहोचत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवा: घरात पाऊल टाकल्यापासून दस्तरखान उचलेपर्यंत. ट्रेनमध्ये तासभर रील पाहून झालेलेच असतात.

मुलं हुशार असतात. "मी कुराण ऐकतोय" म्हणतील. घरात मुसहफ आहे, तो द्या. "गृहपाठ ग्रुपवर आलाय" म्हणतील, आणि ते खरंही असेल. वर्गशिक्षकांना सांगा, गृहपाठ शाळा सुटण्याआधी वहीत लिहून द्या. चार पालकांनी मिळून सांगितलं तर ऐकावं लागतं.

पहिले आठ दिवस चिडचिड होईल. कंटाळा आला, भूक लागली, पोट दुखतंय. कंटाळू द्या. कंटाळलेलं पोरगं कधीतरी माळ्यावरचा कॅरम काढतं, किंवा अम्मीशेजारी बसून विचारतं, "एका नगाचे किती मिळतात?"

मध्येच फोन वाजला तर? उठून घ्या, बोला, परत फ्रिजवर ठेवा. नानीचाही असू शकतो.