दाखला हातात देण्याआधी

पारध्यांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. त्याची आठवण म्हणून विमुक्त दिन पाळला जातो आणि पाठोपाठ शिक्षक दिन येतो. यवतमाळ जिल्ह्याने या दोन दिवसांचा विचार एकत्र करायला हवा. वर्गात कुणाचे पैसे हरवले की पारधी बेड्यावरून येणाऱ्या मुलाचं दप्तर आधी उपसलं जातं, ही तक्रार जुनी आहे. कायदा गेला, संशय मात्र शाळेच्या पटावर राहिला.

छडी कायद्याने 2010 मध्येच बंद केली. शिक्षण हक्क कायद्याचं 17वं कलम मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. 16व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तरी ‘बापाला घेऊन ये, मगच वर्गात बस’ हे सुरूच आहे, आणि नववीपासून ‘दाखला घेऊन जा’. कापूस वेचणीत बापाला मजुरी पाडून शाळेत येणं जमत नाही. मग पोरगं घरीच राहतं आणि हळूहळू शाळा सुटते.

शिक्षेऐवजी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून विचारावं: कुणाला काय इजा झाली, ती भरून कशी काढायची, आणि त्यात कुणी काय करायचं? न्यूझीलंडने 1989 च्या कायद्यात माओरींच्या कुटुंबबैठकीची रीत अल्पवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी स्वीकारली. 1994 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या मारूचीडोरच्या शाळेत अशी बैठक झाली. आपल्याला ही रीत परकी वाटू नये. बंजारा तांड्यात नायक आणि कारभारी पिढ्यान्‌पिढ्या भांडणं सोडवत आले. 15 ऑगस्ट 2007 ला महाराष्ट्राने तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तीही याच विश्वासावर.

पण आमची खरी धास्तीही याच अनुभवातून येते. गावातली चार वजनदार माणसं ‘मिटवून टाका’ म्हणाली की दुबळा मान डोलावतो आणि त्यालाच सलोखा म्हटलं जातं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नाही. त्याच वर्षी यवतमाळ शहरात शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या तक्रारींनंतर पालक रस्त्यावर उतरले होते. असं प्रकरण कुठल्याही बैठकीत जाताच कामा नये. पोक्सो कायद्यानुसार त्याची खबर पोलिसांना देणं बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू हे गप्प बसण्याचं कारण होऊ शकत नाही.

विरोधकांचं म्हणणंही ऐकायला हवं. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या शाळांवरचा 2018 चा अभ्यास सांगतो की अशा पद्धतीने निलंबनाचे दिवस घटले, काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शिक्षेतली तफावत कमी झाली, शिक्षकांना शाळेचं वातावरण सुधारल्यासारखं वाटलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातली कामगिरी घसरली. म्हणजे वर्गाचा वेळ खर्च होतो, आणि तो कुठून काढायचा हे ठरवावंच लागतं. आपल्या द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी पोषण आहाराच्या नोंदीत आणि दुसरे ऑनलाइन माहिती भरण्यात अडकलेले असतात. अशा शाळेवर नुसतं परिपत्रक पाठवलं तर बैठकीचाही एक रकाना होईल.

तरीही आम्ही या बैठकीच्या बाजूने आहोत, काही अटींवर. ज्याला लागलं त्याने आधी बोलायचं, आणि ‘मला समोर बसायचं नाही’ म्हणण्याचा त्याला हक्क हवा. झरी जामणीची कोलाम मुलगी कोलामीत बोलू शकली पाहिजे, तांड्यावरचा मुलगा गोरमाटीत. परक्या भाषेत अडखळणाऱ्याला आपण फार लवकर खोटारडा ठरवतो. आणि चूक शिक्षकाची असेल, त्याने विनाकारण संशय घेतला असेल, तर त्यानेही त्याच बैठकीत बसून माफी मागायची. मुलांचा या रीतीवर विश्वास बसेल तो तिथेच, कारण मोठ्या माणसाने माफी मागितलेली त्यांनी क्वचितच पाहिलेली असते.

जिल्हा परिषद शिक्षक दिनाला आदर्श शिक्षकांचा सत्कार करते. यंदा त्याच व्यासपीठावरून तिने दोन गोष्टी जाहीर कराव्यात: जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत शिक्षकांना या कामाचं प्रशिक्षण, आणि वेळापत्रकात त्यासाठी आठवड्याला एक तासिका. सुरुवात आश्रमशाळांपासून व्हावी, कारण तिथल्या मुलाला भांडण झाल्यावर संध्याकाळी घरी जाता येत नाही.