पंपात उरलेले पाव लिटर

मृगाचा पाऊस झाला की भोकरदन-जाफराबादच्या शिवारात मका पेरला जातो आणि दोन-तीन दिवसांत पाठीवरचे फवारणी पंप बाहेर निघतात. पूर्वी याच तणासाठी खुरपी घेऊन बायकांची टोळी रानात उतरायची. आता टोळी वेळेवर मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही. म्हणून मक्यात अ‍ॅट्राझीन, सोयाबीनमध्ये इमाझेथापायर, धुऱ्यावर ग्लायफोसेट आणि पडीत तुकड्यावर टू-फोर-डी. यात शेतकऱ्याला बोल लावण्यासारखे काही नाही. प्रश्न आहे तो फवारणी झाल्यानंतरचा. पंप धुतला कुठे जातो? जिथे पाणी आहे तिथे, म्हणजे बहुधा विहिरीच्या काठावर.

एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. 50 टक्क्यांची अ‍ॅट्राझीनची भुकटी एकरी 800 ग्रॅम, 200 लिटर पाण्यात मिसळली, असे धरू. म्हणजे एका लिटर द्रावणात 2 ग्रॅम शुद्ध अ‍ॅट्राझीन झाले. पंपाच्या तळाशी पाव लिटर उरले तर त्यात अर्धा ग्रॅम. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर ते साधारण 1 लाख 40 हजार लिटर भरते. हा पाव लिटर त्यात गेला, तर लिटरमागे साडेतीन मायक्रोग्रॅम अ‍ॅट्राझीन होते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात (आयएस 10500) त्याची मर्यादा 2 मायक्रोग्रॅम आहे. अख्खी विहीर मर्यादेबाहेर जायला एका पंपाचे धुणे पुरते.

असे पाणी प्याल्याने उद्या कोणी आजारी पडेल का? नाही, आणि तसे सांगून भीती घालण्यात अर्थ नाही. तणनाशकांच्या अल्प मात्रेचा दीर्घकाळ परिणाम काय होतो, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च 2015 मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तशी शक्यता कमी असल्याचे सांगितले. श्रीलंकेत शेतकऱ्यांच्या मूत्रपिंडविकाराशी नाव जोडले गेल्याने 2015 मध्ये ग्लायफोसेटवर बंदी आली, 2018 मध्ये चहा आणि रबराच्या मळ्यांसाठी ती सैल करावी लागली, आणि त्या आजाराचे नेमके कारण अजून सिद्ध झालेले नाही. तीव्र विषबाधा डॉक्टरला डोळ्यांनी दिसते. 2017 च्या हंगामात यवतमाळमध्ये कीटकनाशक फवारणाऱ्या शेतकरी-मजुरांचे मृत्यू साऱ्या राज्याने पाहिले. वीस वर्षे रोज थोडे थोडे पोटात जाणारे विष मात्र कुठल्याही केसपेपरवर दिसत नाही. म्हणूनच पाणी तपासणे महत्त्वाचे, आणि घोडे नेमके तिथेच अडते.

ग्रामपंचायतीकडच्या तपासणी किटमध्ये पाण्याचा सामू, गढूळपणा, कठीणपणा, फ्लोराईड, नायट्रेट आणि शिल्लक क्लोरीन कळतो. तणनाशक कळत नाही. त्याला लाखो रुपयांची यंत्रे असलेली प्रयोगशाळा लागते. शिवाय मानकातल्या यादीत अ‍ॅट्राझीन, टू-फोर-डी, ब्युटाक्लोर आहेत, पण गावोगाव वापरले जाणारे ग्लायफोसेट नाही. पॅराक्वाटही नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता ठेवण्याची अधिसूचना काढली. शेतातल्या धुऱ्याने ती वाचलेली दिसत नाही.

घरच्या उपायांवर लोकांचा विश्वास असतो, पण इथे ते तोकडे पडतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, अ‍ॅट्राझीन जात नाही. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेले रसायन तसेच राहते. टीसीएल पावडरमधला क्लोरीन ग्लायफोसेटचे तुकडे करतो, पण अ‍ॅट्राझीनला जवळपास हात लावत नाही. म्हणजे जलरक्षकाने पावडर टाकली, कावीळ-हगवण टळली, हे मोठेच काम झाले. तणनाशकाचे काम मात्र बाकी राहिले.

ते काम करणारे रसायनशास्त्र सव्वाशे वर्षांहून जुने आहे. हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1894 मध्ये दाखवले, की हायड्रोजन पेरॉक्साईडला लोहाच्या क्षाराची जोड मिळाली की टार्टारिक आम्लाचे जोरदार ऑक्सिडीकरण होते. यातला पेरॉक्साईड म्हणजे ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर फेस आणणारा द्रव, आणि लोहाचा क्षार म्हणजे आपले हिराकस. दोघे एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा कण तयार होतो. तो सेकंदाच्या अब्जांश भागापुरता जगतो, पण तेवढ्यात समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. क्लोरीन आणि ओझोनपेक्षाही त्याची ताकद जास्त. वॉर्डात काम करणाऱ्यांना हा कण वेगळ्या रूपात ठाऊक आहे: पॅराक्वाट प्यालेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात याच जातीचे कण तयार होतात, आणि म्हणूनच अशा रुग्णाला ऑक्सिजन लावताना डॉक्टर कचरतात. पाण्यातले विष फोडणारी आणि फुफ्फुस जाळणारी शक्ती एकच आहे. ती पिंपात किंवा आडात घरगुती प्रयोग म्हणून सोडण्याची गोष्ट नव्हे.

नेदरलँड्समधल्या आंदाइक गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात 2004 पासून पेरॉक्साईड आणि अतिनील दिव्यांनी पाण्यातली कीटकनाशके-तणनाशके फोडली जाऊ लागली. तिथे त्यानंतर पाणी सक्रिय कोळशाच्या थरातून जाते, हे विसरता कामा नये. कारण फोडणे म्हणजे नाहीसे करणे नाही. टू-फोर-डी अर्धवट फुटले तर आधी डायक्लोरोफिनॉल बनते, आणि ते काही पिण्यालायक नाही. अ‍ॅट्राझीनची साखळी सायन्युरिक आम्लापाशी येऊन थांबते. ते बरेच निरुपद्रवी असले तरी पुढे फुटत नाही. तेव्हा ‘तणनाशक 99 टक्के गेले’ अशी जाहिरात वाचली, तर त्याच्या जागी काय आले, हे विचारायला हवे.

मराठवाड्याची स्वतःची एक अडचण आहे. इथले भूजल काळ्या कातळातून झिरपते आणि बायकार्बोनेट घेऊन येते. घरोघर पातेल्यांच्या बुडाशी बसणारा पांढरा थर तोच. हे बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल रॅडिकलला वाटेतच गिळते. शिवाय फेंटनची क्रिया सामू 3 च्या आसपास, म्हणजे चांगल्या आंबट पाण्यात नीट चालते, आणि शेवटी लोहाचा तांबूस गाळ उरतो. अख्ख्या विहिरीचे पाणी आंबट करून पुन्हा गोडे करणे हा खेड्यातला उपाय होऊ शकत नाही. कोणी तसे यंत्र घेऊन ग्रामसभेत आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

मग हे तंत्र जालन्यात कुठे बसते? एक जागा शहराच्या पाण्याची. घाणेवाडी तलाव असो की जायकवाडीहून येणारे पाणी, दोन्हींच्या वरच्या अंगाला शेती आहे आणि पाणी एका केंद्रात एकत्र येते. तिथे ओझोन किंवा अतिनील-पेरॉक्साईडची सोय आणि मागे कोळशाचा थर, याचा विचार पुढच्या विस्ताराच्या आराखड्यात व्हायला हरकत नाही. पण आधी जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला तणनाशकांची तपासणी करून पाहावी. पाण्यात काय आहे हे न पाहता यंत्र घेणे म्हणजे रोग न तपासता औषध देणे.

दुसरी जागा पंप धुण्याची. तिथे विष थोड्या पाण्यात दाट असते, आणि दाट विषावर उपाय करणे सोपे. स्वीडनमध्ये 1993 पासून ‘बायोबेड’ वापरतात: खड्ड्यात पेंढा, पीट नावाची कुजकट वनस्पतिजन्य माती आणि शेतातली माती भरतात, पंप त्याच्यावरच धुतात, आणि मातीतले जीवाणू हळूहळू रसायन पचवतात. पीटऐवजी कंपोस्ट आणि पेंढ्याऐवजी सोयाबीनचा भुसा घेऊन इथे तसा खड्डा चालतो का, हे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाने एका हंगामात तपासून सांगावे. जिथे रोज अनेक पंप धुतले जातात, अशा ठिकाणी टाकीत साठवून फेंटनची प्रक्रियाही करता येईल, मात्र प्रशिक्षित माणसाच्या हातून. आणि खड्डा होईपर्यंत पंप तीनदा विसळून ते पाणी त्याच शेतात, त्याच पिकावर फवारून टाकावे. विहिरीच्या काठावर नेऊ नये. याला दहा मिनिटे जादा लागतात, आणि फवारणारा रोजंदारीवरचा असेल तर त्या दहा मिनिटांची मजुरी मालकाने द्यावी.