वाट चुकायचीही सोय हवी!

कुठे चाललीस, कोणाबरोबर चाललीस आणि किती वाजता परत येशील? हे तीन प्रश्न आपल्यापैकी कुणाला चुकलेत? माहेरी आई विचारायची, सासरी सासूबाईंनी विचारलं, आता मिसरूड फुटलेला मुलगाही विचारतो. काळजीपोटीच विचारतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण "कुठे ते अजून ठरायचंय, एकटीच, तीन तासांनी येईन" असं उत्तर देऊन सायकलवरून रानात शिरणाऱ्या बायकांबद्दल मी ऐकलं, तेव्हा खरं सांगते, आधी कपाळाला आठ्या पडल्या. हेवा नंतर वाटला.

माझी मावसबहीण इंग्लंडात शेफिल्डला राहते. वय सेहेचाळीस, दोन मुलं, नोकरी, आणि जिना उतरताना कुरकुरणारा एक गुडघा. अधूनमधून एखाद्या रविवारी ती सायकल मोटारीवर बांधते आणि शेजारच्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ मुलखात जाते. खेळाचं नाव माउंटन बाइक ओरिएंटीअरिंग. नाव घेताना जीभ अडखळते, पण खेळ अगदी सोपा आहे बरं का. तुमच्या हातात एक नकाशा देतात. त्यावर ठिकठिकाणी गोल काढलेले असतात. प्रत्यक्षात त्या जागी, म्हणजे कुठे पायवाटांच्या तिठ्यावर, कुठे ओढ्यावरच्या साकवापाशी, कुठे पडक्या दगडी भिंतीच्या कोपऱ्यात, एक केशरी-पांढरी कापडी खूण टांगलेली असते. तिथे पोचायचं, आपण आल्याची नोंद करायची आणि पुढची खूण शोधायला निघायचं. कोणत्या वाटेनं जायचं ते कोणी सांगत नाही. मोबाइलवरचा नकाशा बघायची मुभा नसते. डोक्यावर हेल्मेट हवंच, आणि सायकल कुठे टाकून पळत जाता येत नाही. चालवा, ढकला नाहीतर खांद्यावर घ्या, ती बरोबर हवी.

काही स्पर्धांत खुणांचा क्रम ठरलेला असतो आणि जो कमी वेळात येईल तो जिंकतो. बहीण खेळते तो प्रकार निराळा. त्याला तिकडे ट्रेलक्वेस्ट म्हणतात. दोन किंवा तीन तास वेळ ठरलेला. प्रत्येक खुणेला गुण, लांबच्या आणि अवघड खुणेला जास्त. किती खुणा गाठायच्या, कोणत्या सोडायच्या, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. उशीर केलात की मात्र मिळवलेले गुण वजा व्हायला लागतात. स्वयंपाकघरात एका शेगडीवर भात, दुसऱ्या शेगडीवर आमटी आणि दारात दूधवाला, असा हिशेब रोज करणाऱ्या बाईला हे गणित काय शिकवायचं? पण घरातल्या हिशेबात जेवणारे दुसरे असतात. इथे सगळा हिशेब आपल्यापुरता.

नकाशाही वाचण्यासारखा असतो. या खेळासाठी खास काढलेल्या नकाशावर प्रत्येक वाट नुसती दाखवत नाहीत, तिच्यावरून सायकल कशी जाईल तेही सांगतात. अखंड रेघ म्हणजे वाट चांगली, वेगानं जा. तुकड्यांची रेघ आली की वेग कमी होणार, आणि तुकडे बारीक होत ठिपके झाले की उतरून ढकलायची तयारी ठेवायची. त्यावर समोच्चरेषा. आठवतात ना भूगोलाच्या पुस्तकातल्या? जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की उतार सौम्य. आपण त्या दोन मार्कांसाठी पाठ केल्या आणि विसरलो.

बहीण फोनवर म्हणाली, "अगं, टेकडीवरून सरळ जायचं की खालून वळसा घालायचा हे मलाच ठरवायचं असतं. आणि शेजारी 'थांब, मी सांगतो' म्हणणारं कोणी नसतं. पहिल्यांदा मला सुचेचना. बावीस वर्षं गाडीत शेजारच्या सीटवर बसून गेली होती."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. आपल्यापैकी कितीजणी वर्षानुवर्षं त्याच शेजारच्या सीटवर नाहीतर स्कूटरच्या मागे बसून गाव ओलांडतात? रस्ता बघतो आपण, पण निवडत नाही. आणि मग घरात हसत हसत म्हटलं जातं, बायकांना दिशा कळत नाहीत, नकाशा उलटा धरतात.

(जाता जाता सांगते, या खेळात नकाशा उलटा धरणं हीच शहाण्याची रीत. हँडलवर फिरती पाटी बसवतात आणि आपण ज्या दिशेला चाललो ती दिशा वर येईल असा नकाशा सतत फिरवत राहतात.)

त्या चेष्टेत तथ्य किती? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी 'सी हीरो क्वेस्ट' नावाचा एक मोबाइलवरचा खेळ तयार करवला होता. नकाशा बघून लक्षात ठेवायचा आणि होडी खुणांपर्यंत न्यायची. तो आला २०१६ साली आणि जगभरातल्या लाखो लोकांनी खेळला. ५७ देशांतल्या साडेपाच लाखांहून जास्त लोकांची माहिती तपासून २०१८ साली जो निष्कर्ष आला तो मला फार बोलका वाटतो. सरासरीनं पुरुष पुढे होते खरे, पण किती पुढे ते देशागणिक बदलत होतं. जिथे शिक्षण, नोकरी, राजकारण यांत बायका पुरुषांच्या बरोबरीला आल्यात तिथे हा फरक कमी, जिथे मागे आहेत तिथे जास्त. म्हणजे गोष्ट सगळी मेंदूची असती तर ती सीमा ओलांडल्यावर बदलली नसती. ज्याला बाहेर पडायला मिळतं त्याला वाटा कळतात, एवढं साधं ते असावं. याच खेळावरून २०२२ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. शहराबाहेर वाढलेली माणसं वाट शोधण्यात सरासरीनं शहरात वाढलेल्यांपेक्षा सरस निघाली. तेव्हा तालुक्याच्या गावातल्या मैत्रिणींनो, आपण मागे आहोत हे समजण्याचं कारण नाही!

हे एकटीनं रानात जाणं इंग्लंडात जमतं, आपल्याकडे कसं जमेल, असं तुम्ही म्हणणार. मीही तेच म्हटलं होतं. तिकडे रस्ते चांगले, माणसं भली, वगैरे. त्यावर बहिणीनं जे सांगितलं त्यामुळे हा लेख लिहायला घेतला.

एकदा दाट धुकं उतरलं आणि ती वाट चुकली. चांगली चाळीस मिनिटं उशिरा परत आली. शेवटच्या टप्प्यावर टेबल मांडून एक सत्तरीच्या बाई बसल्या होत्या. हातात नावांची यादी. बहिणीच्या नावापुढे खूण केली, चहाचा कप पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आता दोघं राहिले." त्या दोघांत एक पुरुष होता. तोही येईपर्यंत बाई उठल्या नाहीत.

या खेळात प्रत्येकजण किती वाजता निघाला याची नोंद असते. तुम्ही अर्ध्यातून सोडलंत, कंटाळलात, सायकल पंक्चर झाली, काहीही झालं तरी परस्पर घरी जायचं नाही. टेबलापाशी येऊन 'मी परतले' हे सांगायलाच हवं. ठरल्या वेळेत कोणी आलं नाही तर शोधायला माणसं निघतात. वाटेत कोणी जखमी दिसलं तर स्पर्धा सोडून मदत करायची, हा नियम आहे, सौजन्य म्हणून सांगितलेली गोष्ट नाही. पुष्कळ ठिकाणी निघण्यापूर्वी असंही सांगतात की हरवलातच, तर होकायंत्रावर अमुक दिशा धरून चालत राहा, मोठा रस्ता लागेल.

बघा, "किती वाजता परत येशील" हा प्रश्न तिथेही विचारतातच. फक्त तो बाईला आणि पुरुषाला सारखाच विचारतात. आणि विचारल्यावर अडवत नाहीत, उशीर झाला तर शोधायला येतात. आपल्याकडे आपण उलट केलं. मुलगी हरवू नये म्हणून तिला वाटच दिली नाही, आणि मुलगा कुठे उंडारतोय हे रात्री दहापर्यंत कोणाला ठाऊक नसतं. सुरक्षिततेचा एवढा घोष करणाऱ्या आपल्या गावात सहलीला, ट्रेकला, पदयात्रेला निघताना किती ठिकाणी यादी करतात आणि परतल्यावर मोजतात, ते आठवून बघा.

बायका या खेळात उशिरा आल्या असंही नाही. नकाशा घेऊन वाट शोधण्याची पहिली जाहीर स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली झाली, आणि स्वीडनमध्ये गोथेनबर्गला १९२५ साली खास बायकांची स्पर्धा भरली. तेव्हा सगळं पायी होतं. सायकलवरच्या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा अगदी अलीकडची, २००२ची, फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या जंगलात. बक्षिसांपेक्षा मला आवडले ते वयोगट. मोठ्या वयाच्यांच्या स्पर्धांत चाळिशीपुढे दर पाच वर्षांना नवा गट असतो. आपल्याकडे चाळिशीनंतर बाईला भिशी, भजनी मंडळ आणि फार तर हळदीकुंकवातली संगीतखुर्ची. (संगीतखुर्चीचं मला वावडं नाही, पण त्यातही शेवटी बसायचंच असतं.)

हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. चांगली माउंटन बाइक महाग असते आणि तिकडे सायकल न्यायला दाराशी मोटार लागते. तिकडच्या लोकांना कायद्याचाही आधार आहे. इंग्लंड-वेल्समध्ये घोडेवाटांवर सायकल चालवायचा हक्क १९६८च्या कायद्यानं दिलेला आहे. आपल्याकडे वनखात्याची हद्द कुठे सुरू होते हे विचारून घ्यावं लागेल. शिवाय उसात बिबट्या आहे. जुन्नर-संगमनेरकडच्या बायकांना मी रानात जा म्हणणार नाही.

पण रान कशाला हवं? गाव आहे की. गेली काही वर्षं सरकारी योजनेतून शाळेच्या मुलींना सायकली मिळाल्यात. त्या मुली बारावी झाल्या की त्या सायकली परसात गंजतात. कॉलेजात एनसीसी केलेल्या मुलींनी नकाशावाचन रीतसर शिकलेलं असतं, त्याचा पुढे काय उपयोग झाला ते त्यांना विचारा. आणि भारतीय सर्वेक्षण विभागानं आपापल्या भागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ साली मोफत उतरवून घ्यायची सोय केली, म्हणजे नकाशावर दोन सेंटिमीटर तर जमिनीवर एक किलोमीटर. सायकलच्या खेळाला ते जरा ढोबळ पडतील, पण गावाभोवतीचे ओढे, टेकड्या आणि गाडीवाटा त्यांत सापडतात. त्यावरून आपला नकाशा मोठा करून काढायला शाळेतल्या भूगोलाच्या बाई पुरे आहेत.

एखाद्या महिला मंडळानं यंदा हे करून बघावं. हिवाळ्यातला रविवार, सकाळी सात. दहा जागा: जुनी वेस, पाण्याची टाकी, बाजार समितीचं फाटक, कॅनॉलवरचा पूल, माळावरचं म्हसोबाचं ठाणं. प्रत्येक जागी खडूनं एक अक्षर लिहून ठेवायचं, ते कागदावर उतरवून आणायचं. वेळ दीड तास. सायकल कोणतीही चालेल, मुलाची मागून आणलेलीही. पहिल्या वेळी दोघीदोघींनी जा, तिकडेही जोडीनं खेळायची सोय असतेच. नवऱ्यांना, मुलांना वाट दाखवायला बरोबर घेऊ नका. त्यांना हवं तर टेबलावर बसवा, यादी आणि घड्याळ देऊन, आणि शेवटची बाई परत येईपर्यंत उठायचं नाही हे बजावून ठेवा. नकाशाच्या कोपऱ्यात त्या टेबलावरचा फोन नंबर मात्र मोठ्या अक्षरांत लिहा, आणि पाण्याची बाटली विसरू नका.